बाळाच्या पुरळावर मलम लावलं, पण लंगोटांचं काय? बुरशीच्या संसर्गानंतर कापडी लंगोट कसे धुवावेत?

बाळाच्या जांघेत लालभडक पुरळ येतं. डॉक्टर मलम देतात, काही दिवसांत त्वचा निवळते. घरातल्या सगळ्यांना हायसं वाटतं. आणि पंधरा दिवसांत तेच पुरळ पुन्हा उगवतं.

मग घरात कारणं शोधली जातात. 'आईनं आंबट खाल्लं असेल', 'अंगावरच्या दुधातून उष्णता उतरली', 'पथ्य पाळलं नाही'. बोट बहुतेक वेळा बाळंतिणीकडेच जातं. वलणीवर वाळत असलेल्या लंगोटांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

जालना जिल्ह्यात आजही अनेक घरांत तान्ह्या बाळासाठी जुन्या सुती साड्यांचे, धोतरांचे लंगोट आणि बाळोती वापरली जातात. ती मऊ असतात, फुकट असतात आणि नीट धुतली तर बाळाच्या त्वचेला चांगलीही असतात. पण बुरशीच्या संसर्गानंतर रोजची धुण्याची पद्धत पुरत नाही. त्यात बोअरचं जड पाणी आणि उन्हाळ्यातली टंचाई यांची भर पडते. म्हणूनच हे पुरळ येतं कशामुळे, कापडात बुरशी कशी टिकते आणि कमी पाण्यात ती कशी घालवायची, हे समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचं

- हे पुरळ बहुतेक वेळा कॅन्डिडा नावाच्या बुरशीमुळे येतं. आईच्या खाण्यापिण्याशी त्याचा संबंध नसतो.
- नुसते लंगोट उकळून पुरळ बरं होत नाही, त्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं औषध लागतं. लंगोट नीट धुतल्यानं संसर्ग पुन्हा होण्याची शक्यता कमी होते.
- सुती लंगोट आधी साबणानं धुवा, मग दहा मिनिटं उकळा, दोन-तीन पाण्यांतून काढा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा.
- औषध सुरू झाल्याच्या दिवसापासून ते पुरळ पूर्ण गेल्यानंतरही आठवडाभर हे करत राहा.

हे पुरळ नेमकं कशामुळे येतं?

कॅन्डिडा ही बुरशी बाहेरून कुठून तरी आलेली असतेच असं नाही. ती माणसाच्या आतड्यात, तोंडात आणि त्वचेवर थोड्या प्रमाणात राहतेच, बाळाच्याही. एरवी ती काही त्रास देत नाही. पण तिला ओलावा, ऊब आणि खरचटलेली त्वचा मिळाली की ती झपाट्यानं वाढते. ओल्या लंगोटाखाली या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

सुरुवात बहुधा साध्या जळजळीनं होते. लघवीत युरिया असतो. शी आणि लघवी एकत्र आली की जिवाणू त्या युरियाचं अमोनियात रूपांतर करतात. त्यामुळे त्वचेवरची नैसर्गिक आम्लता कमी होते आणि शीमधली पाचक द्रव्यं त्वचेला जास्त त्रास देऊ लागतात. त्वचेचा वरचा थर असा कमजोर झाला, की बुरशीला आत शिरायला वाट मिळते.

बाळाला किंवा दूध पाजणाऱ्या आईला अँटिबायोटिक सुरू असेल तर धोका वाढतो. ही औषधं उपयोगी जिवाणूंनाही मारतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. जुलाब होत असतील, तर त्वचा वारंवार ओली राहिल्यानंही हाच त्रास होतो.

साधं पुरळ की बुरशीचं? कसं ओळखायचं?

साधं, घासल्यामुळे आलेलं पुरळ लंगोट जिथे घासतो तिथे असतं, म्हणजे कुल्ल्यांवर, मांड्यांवर, ओटीपोटाशी. त्वचेच्या घड्या मात्र बऱ्याचदा सुटलेल्या असतात.

बुरशीचं पुरळ उलट घड्यांमध्येच जास्त दिसतं. जांघेत गडद लाल चट्टा असतो, त्याची कड स्पष्ट दिसते आणि मुख्य चट्ट्याच्या बाहेर छोटे-छोटे लाल ठिपके किंवा पुटकुळ्या विखुरलेल्या असतात. सावळ्या त्वचेवर लाली कमी जाणवते. तिथे रंग गडद होणं आणि त्वचा सोलल्यासारखी दिसणं या खुणा पाहाव्यात. नेहमीचं झिंकचं मलम लावून, वारंवार लंगोट बदलूनही दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, तर बुरशीची शंका घ्यावी.

बाळाच्या जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरे थर असतील आणि पुसूनही जात नसतील, तर तीही हीच बुरशी असू शकते. अशा वेळी तोंड आणि जांघ अशा दोन्ही ठिकाणी उपचार लागतात. आईच्या स्तनाग्रांना जळजळ होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं.

लंगोट रोज धुतले तरी बुरशी का उरते?

कारण बुरशी चिवट असते. रुग्णालयांतील जंतू कोरड्या पृष्ठभागांवर किती काळ टिकतात, याच्या अभ्यासांचा एक आढावा २००६ मध्ये जर्मन संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यात कॅन्डिडा अल्बिकन्स चार महिन्यांपर्यंत टिकू शकते, अशी नोंद आहे. म्हणजे कापड वाळलं म्हणून बुरशी मेली असं धरून चालता येत नाही.

खरा फरक पडतो तो तापमानामुळे. कपड्यांतल्या बुरशीवर झालेल्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. कोमट किंवा थंड पाण्यात धुतलेल्या कापडावर बुरशी शिल्लक राहू शकते, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास धुतल्यावर ती नाहीशी होते. आपल्याकडे हातानं धुताना नळाचं किंवा बोअरचं थंड पाणीच वापरलं जातं. हाताला सोसेल इतकं गरम पाणी ४०-४५ अंशांच्या पुढे जात नाही. त्यामुळे कितीही घासलं, आपटलं तरी बुरशी मरेल इतकी उष्णता कापडाला मिळत नाही. चुलीवर किंवा गॅसवर उकळलं तर मात्र ती सहज मिळते.

जालन्याच्या पाण्याचा यात काय संबंध?

मराठवाड्यातला मोठा भाग बेसॉल्टच्या काळ्या खडकावर वसलेला आहे. या खडकाच्या भेगांतून मुरलेलं पाणी विहिरी आणि बोअरमध्ये येतं, तेव्हा त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. यालाच आपण जड पाणी म्हणतो. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या तळाला पांढरा थर बसतो, या त्याच्या घरगुती खुणा.

जड पाण्यात वडीचा साबण वापरला, की साबण आणि क्षार यांची एक चिकट मळी तयार होते. ती पाण्यात विरघळत नाही, कापडाच्या धाग्यांत अडकून बसते. काही आठवड्यांनी मऊ लंगोट कडक आणि खरखरीत होतो, लघवी नीट शोषत नाही आणि ओला झाला की उग्र वास मारतो. असा लंगोट बाळाची त्वचा घासतो, ओली ठेवतो आणि मळीत अडकलेली घाण पुढच्या धुण्यापर्यंत तशीच राहते.

यावर दोन साधे उपाय आहेत. पहिला, वडीच्या साबणाऐवजी सौम्य, कमी वासाची कपडे धुण्याची पावडर वापरणं. ती जड पाण्यात तितकी मळी करत नाही. दुसरा, उकळताना पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकणं. सोड्यामुळे क्षार खाली बसतात आणि पाणी हलकं होतं.

धुण्याची पद्धत, पायरी-पायरीनं

१. शी आधी काढा. लंगोटावरची शी लगेच संडासात झटका आणि थोड्या पाण्यानं कापड खळबळून घ्या. शी तशीच असलेला लंगोट उकळला, तर डाग पक्का बसतो. शी लागलेले आणि नुसते ओले लंगोट वेगळे ठेवा. ते बंद प्लास्टिकच्या पिशवीत साठवू नका, उघड्या बादलीत ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी धुवा.

२. साबणानं स्वच्छ धुवा. आधी मळ आणि तेलकटपणा जायला हवा. बाळाला लावलेलं तेल आणि मलम कापडावर थर धरतं आणि त्याखाली बुरशी सुरक्षित राहते. म्हणून न धुता थेट उकळण्याचा फारसा उपयोग नाही.

३. दहा मिनिटं उकळा. लंगोट पूर्ण बुडतील इतकं पाणी घ्या. दहा लिटर पाण्याला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा पुरे. पाण्याला उकळी फुटल्यावर दहा मिनिटं मोजा आणि मधून मधून काठीनं कापड खाली-वर करा. यासाठी स्टीलचं वेगळं पातेलं ठेवा. जर्मनच्या भांड्यात सोडा घालू नका, भांडं काळं पडतं आणि झिजतं. पाणी उकळत असताना रांगती मुलं जवळ येणार नाहीत, हे पाहा.

४. दोन-तीन पाण्यांतून काढा. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची आरोग्य माहिती सेवा 'मेडलाइनप्लस'ही पुरळ असलेल्या किंवा पूर्वी येऊन गेलेल्या बाळाचे कापडी लंगोट दोन ते तीन वेळा खळबळायला सांगते. साबणाचा किंवा सोड्याचा अंश उरला, तर पुरळ चिघळतं. शेवटच्या पाण्यात फेस दिसता कामा नये आणि कापड हाताला बुळबुळीत लागता कामा नये.

५. उन्हात वाळवा. लंगोट एकावर एक न टाकता सुटे वाळत घाला आणि दुपारी उलटा. सूर्यप्रकाशानं कपड्यांवरची बुरशी कमी होते, हे इस्रायलमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी रुग्णांच्या मोज्यांवर केलेल्या अभ्यासात दिसलं आहे. तो अभ्यास पायांना होणाऱ्या बुरशीचा होता, पण ऊन आणि कोरडेपणा कॅन्डिडालाही मानवत नाही. जालन्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेवढं ऊन असलं तरी उकळणं सोडू नका. ऊन ही त्याला दिलेली जोड आहे.

६. बाकीचे कपडेही त्याच वेळी धुवा. दुपटी, झोळीचं कापड, बाळाला पुसायचा पंचा, आई मांडीवर घेते ते फडकं, हे सगळं एकाच दिवशी उकळून काढा. मेणकापड उकळता येत नाही. ते साबणानं घासून उन्हात पालथं टाका. लंगोट बदलणाऱ्या प्रत्येकानं आधी आणि नंतर साबणानं हात धुवायला हवेत, नखांसह.

पाणीच कमी असेल तर?

हा प्रश्न जालन्यात टाळता येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात हा जिल्हा राज्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता आणि त्यानंतरही अनेक उन्हाळ्यांत गावोगावी टँकर फिरले. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट ग्रामीण भागात दर माणशी रोज ५५ लिटरचं आहे. टंचाईत टँकरनं पाणी देताना गावासाठी धरला जाणारा हिशोब मात्र दर माणशी २० लिटरचा असतो.

आता लंगोटांचा हिशोब पाहू. तान्ह्या बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट सहज लागतात. पहिली खळबळ आणि साबणाचं धुणं यांना आठ-दहा लिटर, उकळायला आठ, आणि तीन वेळा खळबळायला पंधरा-अठरा लिटर धरले, तर साधारण पस्तीस लिटर होतात. म्हणजे टँकरच्या हिशोबानं बाळाच्या वाट्याला येणारं पाणी त्याच्या लंगोटांनाही पुरत नाही. ते पाणी घरात कुणाच्या तरी वाट्यातून जातं, बहुधा आईच्याच.

काही बचत अशी करता येते:

- शेवटच्या खळबळण्याचं पाणी जवळपास स्वच्छ असतं. ते झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी शी काढण्यासाठी वापरा.
- साबणाचं आणि उकळलेलं पाणी गार झाल्यावर संडासात टाकायला वापरा.
- एका मोठ्या बादलीत एकदा खळबळण्यापेक्षा थोड्या-थोड्या पाण्यात तीनदा खळबळून, दर वेळी घट्ट पिळलं, तर साबण जास्त निघतो.
- पावडर मोजून टाका. जितकी जास्त पावडर, तितकं जास्त पाणी ती काढायला लागतं.
- लंगोटाच्या आत सुती कापडाची एक घडी ठेवा. शी आणि मलम तिच्यावरच राहतं आणि बाकीचा लंगोट कमी मेहनतीत निघतो.
- आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी अनेक घरांत धुण्याला वापरतात. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. ते लंगोटांच्या शेवटच्या पाण्यासाठी वापरू नका.

पाणी इतकंही नसेल, तर संसर्ग असेपर्यंतच्या दिवसांत रोज सगळं उकळण्याऐवजी निदान जांघेला थेट लागणाऱ्या आतल्या घड्या रोज उकळाव्यात.

पावसाळ्यात लंगोट वाळत नसतील तर?

दमट लंगोट बाळाला बांधणं म्हणजे बुरशीला घर देणं. पावसाळ्यात उकळून घट्ट पिळलेले लंगोट पंख्याखाली सुटे टाकावेत आणि थोडे ओलसर असतानाच दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करावी. सुती कापडाच्या इस्त्रीची उष्णता बुरशीला पुरेशी असते. आपल्याकडे शेगडीवर ओवा-शेपा टाकून धुरी देण्याची पद्धत आहे. शेगडीची ऊब कापड वाळवते, पण धुरामुळे बुरशी मरते असं मानू नये. शिवाय धूर तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांना त्रासदायक असतो. म्हणून ही शेगडी बाळाच्या खोलीत नको.

काय टाळावं?

डांबर गोळ्या. बाळासाठी काढलेल्या जुन्या साड्या अनेकदा ट्रंकेत डांबर गोळ्यांसोबत ठेवलेल्या असतात. या गोळ्यांमधलं नॅफ्थलीन त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातं. ज्या बाळांमध्ये जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. अशी कापडं वापरूच नयेत, हे उत्तम.

जंतुनाशक द्रव आणि फिनेल. 'जास्त स्वच्छ' करण्याच्या नादात ही द्रव्यं लंगोटाच्या पाण्यात टाकली जातात. कापडात उरलेला त्यांचा अंश थेट बाळाच्या त्वचेला लागतो. याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९६७ मध्ये सेंट लुईस शहरातल्या एका छोट्या प्रसूतिगृहात बाळांचे कपडे धुताना पेंटाक्लोरोफिनॉलयुक्त द्रव्य वापरलं गेलं. त्वचेतून ते शरीरात गेल्यानं अनेक नवजात बाळं आजारी पडली आणि दोन दगावली. ते रसायन वेगळं होतं, धडा मात्र हाच, की लंगोटात उरलेली गोष्ट बाळाच्या अंगात जाऊ शकते.

टीसीएल पावडर. ग्रामपंचायतीत पाणी शुद्ध करायला असलेली ही ब्लीचिंग पावडर तीव्र असते. न विरघळलेले कण कापड आणि त्वचा दोन्ही जाळतात. उकळणं शक्य असेल तर ब्लीचची गरज नाही. ज्यांना वापरायचंच आहे, त्यांनी कपड्यांसाठीचं द्रव ब्लीच, फक्त पांढऱ्या सुती कापडावर आणि बाटलीवरच्या प्रमाणातच वापरावं.

ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र. यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. नुसत्या व्हिनेगरच्या पाण्यानं बुरशी जाईल, यावरही विसंबू नये.

कपडे मऊ करणारे द्रव. ते कापडावर थर देतात. शोषण कमी होतं, वासाच्या द्रव्यानं त्वचा चिडते.

बाजारातल्या रेडिमेड कापडी डायपरचं काय?

बटणं, इलॅस्टिक आणि बाहेरून जलरोधक थर असलेले डायपर उकळता येत नाहीत. उकळल्यास जलरोधक थर सुटतो. आतले सुती पॅड वेगळे काढून उकळावेत आणि बाहेरचं कव्हर लेबलवर लिहिलेल्या कमाल तापमानाला धुवावं. मशीनमध्ये ६० अंशांचा पर्याय असेल आणि लेबल परवानगी देत असेल, तर तो वापरावा. पुरळ असेपर्यंत घरी मात्र साधा सुती लंगोटच बरा. त्यातून हवा खेळते. त्यावर प्लास्टिकची चड्डी घालू नये.

मग वापरून फेकायचे डायपर बरे का?

ते जास्त ओलावा शोषतात, त्यामुळे प्रवासात आणि पाणी अजिबात नसताना उपयोगी पडतात. पण पुरळ टाळण्यासाठी ते कापडापेक्षा सरस आहेत का, याचा २००६ मध्ये झालेल्या कोक्रेन आढाव्यात ठोस निष्कर्ष काढण्याइतके पुरावे मिळाले नव्हते. दोन्हींत महत्त्वाचं एकच आहे, ते म्हणजे ओलं झाल्यावर किती लवकर बदललं जातं. दिवसातून काही वेळ बाळाला लंगोटाशिवाय, मोकळ्या हवेत ठेवणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

पुरळ दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही, पसरलं, त्यातून पू किंवा रक्त आलं, फोड आले, ताप आला किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर थांबू नये. बाळ दोन महिन्यांहून लहान असेल, तर ताप येताच लगेच दाखवावं.

औषधाच्या दुकानातून 'खाजेचं मलम' मागून लावणं मात्र धोक्याचं आहे. अशा अनेक मिश्र मलमांत बुरशीच्या औषधासोबत तीव्र स्टिरॉइड असतं. पुरळ दोन दिवसांत मावळल्यासारखं दिसतं, पण बुरशी आत वाढत राहते, बाळाची पातळ त्वचा आणखी पातळ होते. लंगोटाखाली झाकलेल्या जागेत स्टिरॉइड जास्त शोषलं जातं. पुरळ पुन्हा पुन्हा येण्याचं हेही एक कारण असतं. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये अशा अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातलं आहे. डॉक्टर साधारणपणे क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल किंवा निस्टाटिनसारखं नुसतं बुरशीचं औषध देतात. ते सांगितलेले सगळे दिवस लावावं, लाली गेली म्हणून मध्येच बंद करू नये.

रुग्णालयात बाळंतपण झालं असेल, तर आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्या वेळी बाळाची जांघ आणि तोंड त्यांना जरूर दाखवावं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार मिळतात. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

पुरळ पुन्हा आलं, तर घरात आधी तीन गोष्टी तपासाव्यात. औषध पूर्ण दिवस लावलं का, लंगोट खरंच उकळले का, आणि ते पूर्ण वाळले होते का. आईच्या ताटात काय होतं, हा प्रश्न या यादीत येत नाही. त्याऐवजी दोन हंडे पाणी कुणी आणून दिलं आणि वलणीवरचे लंगोट कुणी उलटले, तर बाळ आणि आई दोघांनाही त्याचा जास्त उपयोग होईल.